बोटीतला बझर का ओरडत होता?

शेतकऱ्यांच्या साप्ताहिकात बोटीचा लेख कशाला, असं घाटावरच्या वाचकांच्या मनात पहिल्याच ओळीला येईल. पण आमच्या किनारपट्टीवर शेतकऱ्याचं घर आणि मच्छीमाराचं घर ही नेहमी वेगळी नसतात. एकाच घरातला थोरला भाऊ आंब्याच्या कलमांत आणि भाताच्या खाचरात राबतो, धाकटा समुद्रावर जातो. संध्याकाळी दोघं एकाच ओटीवर बसतात आणि 'नांगर' म्हटलं की एकाच्या डोळ्यांपुढे बैल उभे राहतात, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे दोरखंड. घर एक, चूल एक आणि कर्जही एकच. म्हणून बोटीचं इंजिन बसलं की त्याचा फटका आंब्याच्या बागेला बसतो. तो कसा बसला हे मी जवळून पाहिलं आहे. त्यात माझाही थोडा दोष आहे, म्हणूनच हे लिहायला घेतलं.

दापोली तालुक्यातल्या एका बंदरगावातलं हे कुटुंब. मी तिथे कृषी विस्तार अधिकारी म्हणून मोहोरावरच्या फवारण्या सांगायला जातो. थोरल्याला मी दादा म्हणतो, त्यांच्या घरातून वहिनी. धाकटा बोटीवर तांडेल. दादांचा मुलगा बारावीनंतर काकाबरोबर बोटीवर जाऊ लागला. बोट मध्यम आकाराची, लाकडी, सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची. दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून चोवीस व्होल्टचा पुरवठा.

२०२२ च्या मार्चमधली गोष्ट. एका रविवारी तांडेल मला बोटीवर घेऊन गेला. किनारा मागे पडला आणि अर्ध्या तासात केबिनमधून कर्कश आवाज सुरू झाला. पॅनेलवर तापमानाचा लाल दिवाही लागला. तांडेलाने काट्याकडे पाहिलं. पाण्याचं तापमान नेहमीसारखंच होतं. इंजिन हळू केलं की आवाज थांबे, वेग वाढवला की पुन्हा सुरू होई. "हा उगीच बोंबलतो, साहेब. आठ दिवस झाले," तांडेल म्हणाला. मला त्याच वेळी कार्यालयातून फोन आला होता. एका कानावर हात ठेवून मी ओरडलो, "अरे, ते आधी बंद कर!" पुतण्याने पॅनेलखाली हात घातला आणि बझरची एक वायर उपसून काढली. शांतता झाली. मी फोनवर बोललो, आम्ही मासे पकडले, दुपारी परत आलो. त्या वायरचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. मीही नाही.

पुढचं वर्षभर तो लाल दिवा मधूनमधून लुकलुकत राहिला. रोज खोटं बोलणाऱ्या माणसाकडे जसं कुणी बघत नाही, तसं त्याच्याकडे कुणी बघेनासं झालं.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये, रात्री, जाळं ओढायचं काम चालू असताना, बोटीच्या बुडाशी समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी चिकटली. इंजिन थंड करणारं पाणी बंद झालं. दिवा लागला असणारच, पण तो तर नेहमीच लागायचा. काट्यामागचा छोटा बल्ब गेलेला, त्यामुळे अंधारात काटा दिसत नव्हता. तांडेल सुकाणूपाशी नव्हता, जाळ्यावर होता. पहिली सूचना मिळाली ती नाकाला, करपलेल्या रंगाच्या वासाने. फळ्या उचलल्या तर खाली नुसती वाफ. तोवर इंजिन जड होऊन बंद पडलं होतं. घाबरून एका खलाशाने बादलीभर समुद्राचं पाणी इंजिनाच्या डोक्यावर ओतलं. तापलेल्या बिडावर गार पाणी! हेडला तडा गेला.

बोटीवर पाच जण होते. वारा वाढत होता. बंद पडलेली बोट लाटांना आडवी होते आणि आडवी बोट ही कोणत्याही तांडेलाची झोप उडवणारी गोष्ट आहे. नशिबाने तिथे पाण्याची खोली बेताची होती, नांगर धरला. पहाटे दुसऱ्या एका बोटीने दोर टाकून ओढत आणलं. वहिनी रात्रभर ओटीवर बसून होत्या, कारण मुलाचा फोन लागत नव्हता.

माणसं सुखरूप आली. इंजिनाचा खर्च मात्र सव्वा लाखाच्या घरात गेला. हेड नवं, दोन पिस्टन आणि लायनर नवे, गॅस्केटं, मजुरी आणि वर महिनाभर बोट किनाऱ्याला. पैसे कुठून आणायचे? दादांनी वाशीच्या दलालाकडून आंब्यावर उचल घेतली. आमच्याकडच्या बागायतदारांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ज्याची उचल, त्याच्याकडेच पेट्या जायच्या आणि दर तो म्हणेल तो. मोहोर फुटायच्या आधीच त्या साली बाग अर्धी विकली गेली होती. तीही दोन-अडीचशे रुपयांच्या एका बझरपायी.

मी भेटायला गेलो तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, त्या दिवशी तुम्ही होतात ना बोटीवर." तो सहज बोलला. मला मात्र चहा गोड लागला नाही.

मिस्त्रींबरोबर एक दिवस

इंजिन परत बसल्यावर विजेचं काम करायला एक जुने मिस्त्री आले. त्या दिवशी मी रजा टाकून वहीपेन घेऊन बसलो. कृषी विद्यापीठात शिकत असताना मला ट्रॅक्टरची वायरिंग उघडून बसायची खोड होती, तिचा उपयोग झाला. जे पाहिलं ते क्रमाने सांगतो.

मिस्त्रींनी प्रथम नवीन बझरला हातच लावला नाही. ते म्हणाले, "बझर नवा बसवायला पाच मिनिटं. पण तो ओरडत कशाने होता, ते आधी बघू." त्यांनी इंजिनावरच्या तापमान स्विचपासून पॅनेलपर्यंत वायर बोटांनी चाचपत नेली. हातभर अंतरावर ती एका लोखंडी पट्टीवर घासत होती. वरचं प्लॅस्टिक झिजून आतली तांब्याची तार उघडी पडलेली. वेग वाढला की इंजिन थरथरायचं, तार पट्टीला टेकायची आणि बझर वाजायचा. एवढंच! मार्च २०२२ मध्ये बोटभर नळी चढवून आणि एका क्लिपने वायर बाजूला बांधून हे काम मिटलं असतं. आम्ही बझरचं तोंड बंद केलं.

हे नीट समजण्यासाठी बझरचं गणित कळलं पाहिजे, आणि ते अवघड नाही. किल्ली फिरवली की बॅटरीच्या धन टोकाकडून वीज फ्यूजमधून बझरपर्यंत येऊन थांबते. बझरची दुसरी वायर इंजिनावर बसवलेल्या स्विचकडे जाते. हा स्विच वीज देत नाही, विजेला परतीची वाट देतो. इंजिनाचं लोखंडी अंग बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेलं असतं. स्विच आतून मिटला की वायर इंजिनाच्या अंगाला जोडली जाते, वाट पुरी होते आणि बझर वाजतो. पाटात पाणी भरलेलं असलं, तरी शेवटचा बांध फोडल्याशिवाय ते वाफ्यात जात नाही, तसंच हे. उघडी पडलेली तार पट्टीला टेकली म्हणजे तो बांध भलत्याच जागी फुटला.

असे स्विच साधारणपणे दोन असतात. एक तेलाच्या दाबाचा. इंजिन बंद असताना दाब नसतो, तेव्हा हा मिटलेला असतो. इंजिन सुरू होऊन तेलाला दाब आला की उघडतो. दुसरा पाण्याच्या तापमानाचा. हा एरवी उघडा असतो आणि पाणी उकळीच्या जवळ आलं की मिटतो. दोघांचा स्वभाव उलटा आहे हे लक्षात ठेवा, कारण सगळी तपासणी त्यावर आहे.

म्हणजे किल्ली फिरवली आणि इंजिन अजून सुरू केलं नाही, तर तेलाचा दिवा लागलाच पाहिजे आणि बझर वाजलाच पाहिजे. इंजिन सुरू झालं की काही क्षणांत दोन्ही बंद व्हायला हवेत. ही रोजची फुकटची परीक्षा आहे. दिवा लागला पण आवाज नाही, तर दोष बझरमध्ये किंवा त्याच्या जोडणीत. दोन्ही नाहीत, तर फ्यूज, किल्लीकडून येणारी वायर किंवा तेलाच्या स्विचची वायर बघायची. किल्लीवर एकदा आवाज आला, म्हणजे बझर जिवंत आहे एवढं कळतं. तापमानाच्या बाजूची वायर शाबूत आहे की नाही ते यातून कळत नाही. त्यासाठी मिस्त्रींनी तापमान स्विचवरची वायर सोडवून तिचं टोक इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला टेकवलं. वाजला तर वायर आणि बझर ठीक. आणि एवढं असूनही इंजिन तापल्यावर बोंब होत नसेल, तर स्विच मेला असं समजायचं.

तापमान स्विचची एक खोड मिस्त्रींनी सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. हा स्विच पाण्यात बुडालेला असला तरच खरं सांगतो. नळी फुटून इंजिनातलं पाणी सगळंच निघून गेलं, तर तो कोरडा पडतो आणि इंजिन पेटायला आलं तरी गप्प राहू शकतो. म्हणून बझर चांगला असला, तरी सकाळी पाण्याची पातळी बघायची सुटका नाही.

आता बदलण्याचं काम. मिस्त्रींनी पहिल्यांदा बॅटरीचा मुख्य स्विच बंद केला, मग ऋण टोक सोडवलं. जोडताना तेच टोक शेवटी. याचं कारण असं की, धन टोक सोडताना पाना इंजिनाला लागला आणि ऋण टोक जोडलेलं असेल, तर मोठी ठिणगी पडते. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते आणि फळ्यांखालच्या कोंदट जागेत तो साचलेला असू शकतो. तिथे ठिणगी म्हणजे स्फोटाला आमंत्रण. म्हणून आधी झडपा उघडून वारा खेळू द्यायचा, मगच पाना हातात घ्यायचा.

पॅनेल उघडल्यावर पुतण्याने मोबाईलवर चार फोटो काढले आणि प्रत्येक वायरला चिकटपट्टीवर नाव लिहून लावलं. पोरगं हुशार आहे. नव्या बझरची खरेदी मात्र त्याने आदल्याच दिवशी करून ठेवली होती आणि तिथे गंमत झाली. मोटारसायकलच्या दुकानातून आणलेला बारा व्होल्टचा बझर! चोवीस व्होल्टला लावताच दोनदा किंचाळला आणि कायमचा निजला. सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत. म्हणाले, "बॅटरी चोवीसची असली तरी इंजिन चालू असताना अल्टरनेटर अठ्ठावीसपर्यंत नेतो. बझरवर लिहिलेला आकडा त्याहून जास्त पाहिजे." त्यांच्या पिशवीतला बझर बारा ते छत्तीस व्होल्टवर चालणारा, पूर्ण बंदिस्त, पाणी न शिरणारा, दोन वायरी बाहेर आलेला होता. लाल धनाकडे, काळी स्विचकडे. जुने पत्र्याचे, आत कंप पावणाऱ्या पट्टीचे बझर कसेही जोडले तरी चालत. आताच्या छोट्या बझरला उलट जोडणी चालत नाही, तो गप्प बसतो.

दोन स्विच आणि बझर एकच, तर जोडायचं कसं? बझरची काळी वायर सरळ दोन्हींना जोडली, तर एक स्विच मिटताच पॅनेलवरचे दोन्ही दिवे लागतात, आणि तेल गेलं की पाणी तापलं ते कळत नाही. त्यासाठी मध्ये दोन डायोड टाकतात. डायोड म्हणजे विजेचा फूटव्हॉल्व्ह. विहिरीतल्या फूटव्हॉल्व्हमधून पाणी वर येतं, परत खाली जात नाही, तसा डायोड विजेला एकाच बाजूला सोडतो. '१ एन ४००७' या नावाने कुठल्याही रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात दोन-चार रुपयांना मिळतो. त्याच्या अंगावर एका टोकाला पांढरी रेघ असते, ती इंजिनावरच्या स्विचच्या बाजूला ठेवायची. आमच्या जुन्या जोडणीत एक डायोड खाऱ्या हवेने पायातून तुटलेला निघाला. तेलाच्या बाजूचा! म्हणजे वायर उपसली नसती, तरी तेल संपल्याची बोंब झालीच नसती. नुसता बझर बदलून घरी गेलो असतो तर हे उघडकीला आलंच नसतं.

सांधे हा बोटीच्या वायरिंगचा प्राण. शेतावर आपण दोन तारा पिळतो, वर काळी पट्टी गुंडाळतो आणि पंप चालू करतो. तेही बरोबर नाही, पण खपून जातं. समुद्रावर खपत नाही. पट्टीच्या आत खारा दमटपणा शिरतो आणि तांब्यावर हिरवट कळंक चढतो. बाहेरून वायर धडधाकट, आतून पीठ. मिस्त्रींनी कल्हई केलेल्या तारेची वायर वापरली, टोकांना लग चिमट्याने दाबून बसवले आणि वर आतून गोंद असलेली नळी तापवून आवळली. स्क्रूच्या जागी व्हॅसलीनचा हात फिरवला. पॅनेलकडे येणाऱ्या वायरला खालच्या बाजूला एक झोल ठेवला, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोलावरून खाली टपकतं, पॅनेलमध्ये जात नाही. आपल्या घराच्या मीटरकडे येणाऱ्या वायरलाही असा झोल आहे का, एकदा बघा.

बझर बसवायचा कुठे? जुना बझर पॅनेलच्या आत, फळीखाली होता. किनाऱ्यावर शांततेत तो खणखणीत वाटायचा. पण सहा सिलिंडरचं इंजिन पूर्ण वेगात आणि वर जाळं ओढायच्या यंत्राचा खडखडाट असताना तो आवाज कुणाच्या कानावर पडणार? मिस्त्रींनी नवा बझर केबिनच्या मागच्या बाजूला, छताखाली, तोंड खाली करून बसवला, म्हणजे लाटांचे तुषार आत जात नाहीत आणि जाळ्यावर उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू येतं. मग परीक्षा घेतली ती पूर्ण वेगात. तांडेल मागे जाळ्याच्या जागी उभा राहिला, पुतण्याने खाली तापमानाची वायर इंजिनाला टेकवली आणि तांडेलाने हात वर केला. हात वर होईपर्यंत माझा श्वास अडकला होता, हे खरं.

बंद करायचं बटण असावं का?

पुतण्याने विचारलं, "बझरला एक बटण बसवता येईल का? उगीच वाजायला लागला तर बंद करता येईल." प्रश्न रास्त होता. संकटाच्या वेळी कानाशी बोंब चालू असेल तर माणसाला विचार सुचत नाही, एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. मोठ्या जहाजांवर आवाज थांबवायची सोय असतेच. पण तिथे दिवा लागलेला राहतो आणि आवाज का आला याची नोंद वहीत करावी लागते. आपल्याकडे बटण एकदा खाली गेलं की ते वर कधी आणायचं हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. मिस्त्रींनी मधला मार्ग काढला. दाबून धरलं तेवढाच वेळ आवाज थांबेल आणि बोट उचललं की पुन्हा सुरू होईल, असं बटण बसवलं. दिवा त्यातून वगळला. मला हे पटलं. तांडेलाला अजूनही वाटतं की बटणच नको होतं, आणि त्याचंही चुकतं असं मी म्हणणार नाही.

मिस्त्रींनी एक काम न सांगता वाढवलं. बोटीच्या तळात पंख्याच्या दांड्याकडून थोडं पाणी झिरपतच असतं. ते ठरावीक उंचीपेक्षा वाढलं की तरंगता स्विच उचलला जातो आणि दुसरा बझर वाजतो. आपल्या टाकीतला पाण्यावर तरंगणारा गोळा असतो तसाच हा. याची वायर मात्र किल्लीमधून घेतली नाही, वेगळा फ्यूज टाकून थेट बॅटरीवरून घेतली. कारण बोट बहुधा बुडते ती बंदरात उभी असताना, किल्ली खिशात आणि माणसं घरी. दोन्ही बझरचे आवाजही वेगळे ठेवले. एक सलग, दुसरा तुटक. झोपेतून उठलेल्या माणसालाही कोणता वाजतोय ते कळलं पाहिजे.

बझर वाजल्यावर काय करायचं तेही त्या दिवशी केबिनमध्ये कागदावर लिहून लावलं. तेलाचा असेल तर इंजिन ताबडतोब बंद. इथे मिनिटांचा हिशेब नसतो, बेअरिंगं फार लवकर जातात. तापमानाचा असेल तर वेग उतरवायचा, बाहेर पडणारं समुद्राचं पाणी येतंय का बघायचं. येत नसेल तर इंजिन बंद करून आत घेणारं तोंड आणि पंपातला रबरी पंखा तपासायचा. गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर उडतं. आणि वरून गार पाणी अजिबात ओतायचं नाही. खडक जवळ असतील, वारा किनाऱ्याकडे ढकलत असेल, तर निर्णय तांडेलाचा. तेव्हा इंजिन जाळूनही बोट बाहेर काढावी लागते. इंजिन पुन्हा येतं.

अलीकडे संगणकावर चालणारी इंजिनं आली आहेत. त्यांच्या पॅनेलची तऱ्हा निराळी असते, किल्ली फिरवल्यावर बझर एकदाच टुणकन वाजून थांबतो. तिथे वायर इंजिनाला टेकवून बघायचे प्रयोग करू नयेत, कंपनीच्या माणसाला बोलवावं. लोखंडी बोटींमध्येही काही वेळा परतीची वायर स्वतंत्र असते, तिथे वरचा हिशेब लागू पडत नाही.

घाटावरच्या वाचकांसाठी थोडं. तुमच्या ट्रॅक्टरच्या पॅनेलवर तेलाच्या किटलीचं लाल चित्र असतं. किल्ली फिरवून ते लागतं का आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतं का, हे उद्या सकाळी बघा. ते लागतच नसेल, तर 'दिवा लागत नाही म्हणजे सगळं ठीक' असं समजू नका. मी गावोगाव फिरतो, तेव्हा हा दिवा मेलेले ट्रॅक्टर बरेच दिसतात. मालकाला विचारलं की उत्तर ठरलेलं, "चालतंय की, साहेब." ट्रॅक्टर बंद पडला तर बांधावर बसून राहता येतं, एवढाच काय तो फरक.

बोटीवाल्यांनी ही तपासणी पावसाळ्यानंतर जरूर करावी. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत बोटी शाकारलेल्या असतात, दोन महिने दमट हवेत वायरींची टोकं सडतात आणि नारळी पौर्णिमेला घाई असते ती रंगाची आणि जाळ्यांची. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मी मुद्दाम त्या घरी गेलो. पुतण्याने एकेक वायर स्वतः तपासली होती. तेलाच्या स्विचचं टोक गंजलेलं निघालं, ते त्याने बदललं. एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात त्याने सुटा बझर, चार डायोड, फ्यूज आणि लग ठेवले होते. तो डबा वहिनींनी जपून घरात, देवघराखालच्या कपाटात ठेवून दिला होता. मी म्हटलं, "वहिनी, हा इथे नको, बोटीवर पाहिजे." त्या म्हणाल्या, "तिकडे खारं लागेल त्याला." मग डब्याला प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या घातल्या, तोंड बांधलं आणि तो केबिनमध्ये कागदाच्या खाली खिळ्याला टांगला.

दलालाची उचल २०२५ च्या हंगामात फिटली. त्या साली दादांनी थोड्या पेट्या स्वतः पुण्याला नेऊन विकल्या.

मुलगा आता पहाटे निघताना घरी फोन करतो. आधी किल्ली फिरवतो, फोन पॅनेलजवळ धरतो आणि मग इंजिन सुरू करतो. वहिनी ओटीवर उभ्या राहून ऐकतात. मी एकदा तिथे मुक्कामाला होतो, तेव्हा त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. कर्कश आवाज आला, मग इंजिनाची धडधड, मग आवाज थांबला. "झालं," म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.